यंत्रांनी वेळ वाचवला, बोटे कोण वाचवणार?

लाकूडकामाचे विजेचे यंत्र घ्यायला दुकानात शिरलेला सुतार तीन गोष्टी विचारतो: वॅट किती, आरपीएम किती आणि किंमत किती. सुतारकामाचा निदेशक म्हणून मी नोकरीभर मुलांना यंत्रे हाताळायला शिकवले. आता निवृत्त झालो, तरी यंत्र घेण्याआधी अनेक जण मला फोन करतात. हात सुटला, तोल गेला किंवा मध्येच वीज गेली तर हे यंत्र काय करते, असे विचारणारा त्यांत विरळाच. दोष त्यांचा नाही. या यंत्रांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ती घडवणाऱ्यांनीही हा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेतला, हे दिसते.

आमचे घराणे सातारा जिल्ह्यातले, बलुतेदार सुतारांचे. वडिलांच्या पेटीत वाकस, किंकरे, पटाशी, सामता, गिरमिट, गुण्या, करवती आणि रंधे एवढा ऐवज होता. त्यावर गावचे नांगर, कुळव, तिफणी आणि गाड्यांची चाके होत. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य. चाकाचा तुंबा, त्यात बसणारे आरे, वरचे पुठ्ठे, सगळे बाभळीचे. वडील जमिनीवर बसत आणि लाकूड पायाने दाबून धरत. मोठी फळी रंधायची असली की रंध्याला पुढे आडवी दांडी लावत. एकाने मागून ढकलायचे, दुसऱ्याने पुढून ओढायचे. वाकस पायाला लागे, पटाशी तळहातात घुसे, जखमा होतच. पण या हत्यारांमध्ये एक मोठा गुण होता. माणूस थांबला की हत्यार थांबे. पात्यामागची ताकद ज्याची, पात्यावरचा ताबाही त्याचाच.

यंत्र आले आणि हा संबंध तुटला. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम याने 1791 आणि 1793 मध्ये घेतलेल्या पेटंटांत रंधणे, कापणे, नक्षीच्या पट्ट्या काढणे अशा कामांसाठी यंत्रे सुचवली. तुरुंगातल्या, कसब नसलेल्या माणसांकडूनही सुतारकाम करून घेता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे बेंथम ब्रिटिश नौदलाच्या बांधकामांचा प्रमुख निरीक्षक झाला. त्याच्या काळात पोर्ट्समथच्या गोदीत लाकडी कप्प्या बनवण्याचा कारखाना उभा राहिला. शिडाच्या जहाजावरचे सगळे दोर कप्प्यांवरून फिरत. 74 तोफांच्या एका जहाजाला सुमारे हजार कप्प्या लागत आणि नौदलाला वर्षाला लाखभर. फ्रान्समधून आलेल्या मार्क ब्रुनेलने यंत्रांचे आराखडे केले, हेन्री मॉड्स्लीने ती लोखंडात घडवली. भोक पाडणे, खाच कोरणे, कडा गोल करणे, प्रत्येक कामाला वेगळे यंत्र; एकूण 45 यंत्रे, सगळी वाफेवर चालणारी. 1808 मध्ये तिथे 1,30,000 कप्प्या तयार झाल्या. 110 कुशल कारागिरांचे काम दहा अकुशल माणसे करू लागली.

त्याच वर्षांत, त्याच नौदलासाठी, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले मुख्य जहाजबांधणीकार मलबारच्या सागवानाची जहाजे हाती हत्यारांनी बांधत होते. 1817 मध्ये तिथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर जतन करून ठेवलेले आहे. मी विद्यार्थ्यांना ही दोन ठिकाणे नेहमी शेजारी ठेवून सांगत असे. एकच वस्तू लाख वेळा बनवायची असते, तिथे यंत्राला तोड नाही. प्रत्येक वाशाचा बाक आणि प्रत्येक सांधा वेगळा असतो, तिथे डोळा आणि वाकस लागतो. कोणते यंत्र चांगले, याचे उत्तर काम पाहिल्याशिवाय देता येत नाही.

नव्या सोयीची कल्पना सुचणे आणि ती हाती येणे यांत किती अंतर पडते, हे बँडसॉच्या गोष्टीतून कळते. गोल चकतीच्या करवतीचे पेटंट सॅम्युएल मिलरने 1777 मध्ये घेतले होते. गोल करवत सरळ आणि झपाट्याने कापते, पण तिचे पाते जाड, त्यामुळे भुसा जास्त. चकतीच्या निम्म्याहून कमी जाडीचेच लाकूड तिच्याखाली जाते. त्यातून चकतीची मागची बाजू वर उठणारी असते. फळी तिरकी होऊन तिथे अडकली, तर ती उडून थेट माणसाच्या अंगावर येते. या सगळ्यावर विल्यम न्यूबेरीने 1808 मध्ये उपाय मांडला: दोन चाकांवर फिरणारे पात्याचे सलग कडे, म्हणजेच बँडसॉ. पाते पातळ, भुसा कमी, वळणदार कापही निघतो आणि कापताना जोर खाली टेबलावर येत असल्याने लाकूड अंगावर उडत नाही. कल्पना अचूक होती. पण पात्याची दोन टोके जोडलेल्या जागी पाते तुटे. सांधा टिकेल असे जोडण्याची रीत फ्रान्समध्ये क्रेपाँ या बाईंनी 1846 मध्ये पेटंट केली आणि पुढच्या दशकात पॅरिसच्या पेरँने चिवट पाती बनवली. चांगली कल्पना चांगल्या पोलादासाठी चाळीस वर्षे थांबली. आज लाकडाच्या वखारींत सागाचे ओंडके चिरताना दिसते ती हीच करवत.

वाफेच्या काळात यंत्र जागेवर आणि लाकूड त्याच्याकडे जाई. विजेने हे उलटे केले. स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 मध्ये हातात धरायचे पहिले विजेचे ड्रिल बनवले. ते जड, दोन्ही हातांनी छातीशी धरून दाबायचे. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरने पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा बसवला. त्याचे पेटंट 1917 चे. घोडा सोडला की वीज तुटते. वडिलांच्या हत्यारांतला तो जुना गुण, माणूस थांबला की हत्यार थांबते हा, अंशतः परत आला तो इथे. म्हणूनच विसाव्या शतकातली सर्वांत मोठी सुधारणा कोणती असे विचारले, तर मी या घोड्याचे नाव घेईन.

त्यानंतरच्या बहुतेक सोयी कुणीतरी दुसऱ्या कामाकडे नीट पाहिले म्हणून सुचल्या. एडमंड मिशेलने अमेरिकेतल्या उसाच्या फडात कोयत्याने ऊस तोडणारे मजूर पाहिले. कोयत्याला मोटर जोडण्याच्या विचारातून हातात धरायची विजेची गोल करवत 1924 मध्ये बाजारात आली. स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमानने 1946 मध्ये बायकोच्या शिलाई यंत्राची वरखाली होणारी सुई पाहिली आणि तिच्या जागी करवतीचे पाते लावून पाहिले. त्यातून जिगसॉ निघाली. 1950 च्या दशकात चिपबोर्ड आला. त्यात चूळ आणि साल यांचा सांधा धरत नाही, हे पाहून स्वित्झर्लंडच्याच हर्मान श्टाइनरने बीचच्या लाकडाच्या दाबलेल्या लंबगोल चकत्या काढल्या. गोंदाच्या पाण्याने त्या फुगतात आणि सांधा घट्ट धरतात. मग वायरही गेली. ब्लॅक अँड डेकरने 1961 मध्ये बॅटरीचे ड्रिल आणले, जपानच्या माकिताने 1969 मध्ये, आणि 2005 च्या सुमारास लिथियम बॅटऱ्या आल्यावर बिनवायरीचे यंत्र वायरवाल्याच्या तोडीस तोड चालू लागले.

आमच्याकडे विजेचे हातयंत्र आले ते ड्रिलच्या रूपाने. मुंबईत बनलेले रॅलीवूल्फचे ड्रिल कार्यशाळेत कुलपात ठेवले जाई, इतके ते मोलाचे होते. पुढे प्लाय आणि एमडीएफ घराघरांत गेले, सागाच्या फळीऐवजी आठ बाय चारचा तक्ता उभा कापायचे काम रोजचे झाले आणि आपल्या सुताराने स्वतःचे यंत्र शोधले: फरशी कापायचा मार्बल कटर. चार इंची चकती, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, वजनाला हलका, किंमत परवडणारी. त्यात दगडाच्या चकतीऐवजी लाकडाची दातेरी चकती बसवली की एकोणीस मिलिमीटरचा प्लाय सरळ कापला जातो. लाकडासाठी बनवलेली सात इंची करवत त्याहून बरीच जड आणि महाग. मात्र तिच्या चकतीला खालून झाकणारा, काप संपताच आपोआप परत येणारा गार्ड असतो. मार्बल कटरला तो नसतोच. वरचा अर्धा गार्डही बरेच जण काढून टाकतात, कारण काप दिसत नाही. कुठे करवत फळीखाली उलटी स्क्रूने कसून तिचेच टेबल बनवतात, घोडा तारेने बांधून टाकतात. यात कसब आणि अक्कल दोन्ही आहे, ते मी नाकारणार नाही. पण माझ्या एका हुशार विद्यार्थ्याची दोन बोटे अशाच टेबलावर गेली. तो आज हिशेबाचे काम करतो. त्याच्या हातची डब्याची सांधणी मी पाहिलेली आहे. एवढे कसब वाया गेल्याचे दुःख मला आजही आहे.

हात वाचवणाऱ्या सोयींचा इतिहास लहान आहे, पण तो काय शक्य आहे ते दाखवतो. यांत्रिक रंध्याचा मूळ ठोकळा चौकोनी होता. त्याच्या कोपऱ्यामागच्या पोकळीत हात ओढला जाऊन अर्धा तळवा जाई. ठोकळा गोल केल्यावर तेच यंत्र फार तर बोटाचे टोक घेऊ लागले. ब्रिटनने 1922 च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवायच्या रंधायंत्रावर गोल ठोकळा सक्तीचा केला. काम तेवढेच, वेगही तेवढाच. बदलला तो एका लोखंडी तुकड्याचा आकार.

भुशाकडे तर त्याहून उशिरा लक्ष गेले. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचे गाव. तिथल्या सुतारांमध्ये नाकाच्या आतला एक दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले. 1968 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत त्यावर शोधनिबंध लिहिला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची भुकटी निश्चितपणे कर्करोगकारक ठरवली. वडिलांच्या रंध्यातून लांब साली निघत, त्या चुलीत जात. सँडरमधून निघते ती हवेत तरंगणारी भुकटी, ती छातीत जाते.

बोटांचा प्रश्न थेट हाती घेतला तो अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस या वकिलाने. तो भौतिकशास्त्र शिकलेला, लाकूडकामाचा हौशी. माणसाचे शरीर विजेचा भार धरते, कोरडे लाकूड तसा धरत नाही. पात्यात सूक्ष्म विद्युत संकेत सोडला, तर बोट लागताच तो बदलतो आणि स्प्रिंगवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून पाते पाच मिलिसेकंदांत थांबवतो, ही त्याची 1999 ची कल्पना. आधी सॉसेजवर आणि मग स्वतःच्या बोटावर त्याने ती तपासली. मोठ्या कंपन्यांनी ती घेतली नाही, तेव्हा त्याने स्वतःच ‘सॉस्टॉप’ ही करवत 2004 मध्ये बाजारात आणली. अमेरिकेत टेबलावरच्या गोल करवतीच्या (टेबल सॉच्या) पात्याने वर्षाला सुमारे 30,000 लोक जखमी होतात, त्यांत सुमारे 4,000 जणांची बोटे तुटतात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. या सोयीला मर्यादाही आहेत. यंत्र महाग, ओल्या लाकडावर ते उगाच थांबू शकते आणि एकदा थांबले की ठोकळा आणि पाते दोन्ही बदलावी लागतात. तरीही शिवलेल्या बोटापेक्षा बदललेले पाते स्वस्तच.

आता माझी मागणी. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी मुले प्रकल्पासाठी विषय शोधतात. त्यांनी एखाद्या फ्लॅटमध्ये सुरू असलेले फर्निचरचे काम दिवसभर बसून पाहावे. तिथला सुतार ओट्याशी उभा नसतो, तो जमिनीवर बसून पायाने प्लाय धरतो. जगातली जवळजवळ सगळी यंत्रे उभ्या माणसासाठी बनली आहेत. बसून काम करणाऱ्याच्या पायापासून पाते दूर ठेवणारे यंत्र माझ्या पाहण्यात नाही. मार्बल कटरवर बसेल, काप दिसू देईल आणि किमतीत शे-दोनशे रुपयांहून जास्त भर घालणार नाही असा पारदर्शक, परत येणारा गार्ड हवा. वीज जाऊन परत आली की चालू राहिलेले यंत्र आपोआप सुरू होते. भारनियमनाच्या राज्यात ते रोखणारा स्विच मोठ्या यंत्रांवर मिळतो, तो स्वस्तातल्या हातयंत्रावरही असायला हवा. घोडा सोडल्यावर पाते काही सेकंद फिरत राहते, त्याला ब्रेक हवा. भुकटी ओढणारी पिशवी सँडरसोबतच यावी, वेगळी विकत घ्यायला लागू नये. यांतली एकही गोष्ट न्यूबेरीसारखी चाळीस वर्षे पोलादाची वाट पाहणारी नाही. सगळे साहित्य आज बाजारात आहे.

आणि ज्यांच्या घरात सध्या कपाटे, पलंग, स्वयंपाकघर बनते आहे, त्यांना माझी विनंती आहे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात लॅमिनेटचा दर आणि बिजागऱ्यांची कंपनी तुम्ही बारकाईने पाहता. त्याच कागदावर गार्ड असलेली करवत, मास्क आणि भुसा ओढणारे यंत्र यांची एक ओळ लिहून घ्या, आणि त्या ओळीसमोरचे पैसे घासाघीस न करता द्या.