असाकुसाच्या उत्तरेस : तोक्यो नगरीतील पुसलेल्या वस्त्या

जपान हा बौद्ध परंपरेचा देश म्हणून आपणास परिचित आहे. तेथील भव्य विहार, ध्यानपरंपरा आणि कलासंपन्न मूर्ती यांविषयी मराठीतही बरेच लिहिले गेले आहे. परंतु याच देशात जन्मावरून माणसास अस्पृश्य ठरविण्याची प्रथा शतकानुशतके नांदली, आणि तिच्या खुणा आजच्या तोक्यो महानगरातील काही साध्या गल्ल्यांतून अद्याप शोधता येतात, याची माहिती फार थोड्यांना असते. त्या खुणा संग्रहालयात मांडलेल्या नाहीत. त्या पाहावयाच्या तर नकाशा घेऊन पायीच निघावे लागते. प्रस्तुत लेखात अशाच एका पायवाटेचा इतिहास पाहावयाचा आहे.

ही वाट असाकुसा येथील सेन्सो-जी या प्रसिद्ध विहारापासून सुरू होते. परंपरेनुसार इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात अवलोकितेश्वराची, म्हणजे जपानी भाषेत कान्नोनची, लहानशी मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी हा विहार उभा राहिला. ते दोघे कोळी आणि त्यांचा प्रमुख या तिघांची पूजा विहाराशेजारील देवस्थानात होते. दर वर्षी मे महिन्यात भरणारा सांजा उत्सव त्यांच्याच नावाचा आहे. जाळे टाकून जीव धरणाऱ्यांना येथे पूज्य मानले गेले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. येथून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर मेलेल्या जनावराचे कातडे काढणाऱ्यांना मात्र कुंपणाच्या आत राहावे लागत होते.

बहुतेक प्रवासी सेन्सो-जीचे महाद्वार आणि त्यापुढील दुकानांची रांग पाहून परततात. आपण नदीच्या बाजूने उत्तरेकडे वळलो की हानाकावादो हा भाग लागतो. पादत्राणांच्या घाऊक व्यापारासाठी तो ओळखला जातो. या परिसरात चामड्याचा व चपला-बुटांचा व्यवसाय का एकवटला, असा प्रश्न येथे पडावयास हवा. त्याचे उत्तर थोडे पुढे, इमादो येथे मिळते.

इमादो येथे आज महानगर शासनाचे एक माध्यमिक विद्यालय आहे. या परिसरात तोकुगावा राजवटीच्या काळात (१६०३ ते १८६८) दान्‌झाएमोन या वंशपरंपरागत पदवीधारकाचा वाडा होता. त्या काळी समाजाच्या तळाशी दोन वर्ग होते. एकास 'एता' म्हणत, त्याच्या लिपीचिन्हांचा अर्थ 'पुष्कळ मळ असलेला'. दुसऱ्यास 'हिनिन' म्हणत, त्याचा अर्थ 'माणूस नसलेला'. हे दोन्ही शब्द आज जपानमध्ये अपमानास्पद मानले जातात आणि येथे ते केवळ इतिहासाच्या गरजेपुरते वापरले आहेत. मेलेली गुरे उचलणे, कातडी कमावणे, देहदंडाच्या जागी राबणे ही कामे त्यांच्यावर लादलेली होती. एदो शहर व भोवतालचा कांतो प्रदेश येथील या लोकांवर दान्‌झाएमोनचा अंमल चाले. १८०० सालच्या नोंदीनुसार त्याच्या अधिकाराखाली सुमारे ७,७०० घरे होती आणि खुद्द त्याच्या कुंपणबंद वस्तीत २३२.

या पदाची रचना समजून घेण्यासारखी आहे. दान्‌झाएमोनला स्वतःची कचेरी होती, न्यायदानाचा अधिकार होता, तुरुंग होता. चामड्याच्या आणि दिव्याच्या वातींच्या व्यापारातून त्यास मोठे उत्पन्न मिळे. तथापि तो स्वतः अस्पृश्यच होता. शासनाने एका अस्पृश्याच्या हाती इतर अस्पृश्यांची व्यवस्था सोपविली आणि आपले हात 'शुद्ध' ठेवले. ज्या कातड्याने सामुराईंची चिलखते बांधली जात, ते कातडे त्यांना अशुद्ध वाटत नव्हते. ते कमावणारा हात मात्र अशुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात, घाणेरड्या धंद्यातून अस्पृश्यता जन्मास आली, हे मत अमान्य केले होते. इमादोच्या रस्त्यावर उभे राहिले असता त्या विवेचनाचे मर्म नव्याने उमगते. धंदा माणसास अस्पृश्य करीत नाही. ज्याच्या हाती सत्ता असते तो ठरवितो, कोणाचा धंदा कलंक मानावयाचा.

इमादोतच होन्‌र्यू-जी हा जोदो शिन्शू पंथाचा विहार आहे. दान्‌झाएमोन घराण्याची समाधी तेथे आहे. शेवटच्या, म्हणजे तेराव्या दान्‌झाएमोनने १८६८ साली आपणास व आपल्या काही सहकाऱ्यांस सामान्य नागरिकाचा दर्जा मिळवून घेतला. १८७१ मध्ये नव्या मेइजी शासनाने सर्वांसाठीच या अपमानकारक संज्ञा रद्द केल्या. पुढे दान नाओकी या नावाने ओळखल्या गेलेल्या या गृहस्थाने पाश्चात्त्य पद्धतीच्या बुटांचा कारखाना काढून आपल्या लोकांस नवा रोजगार देण्याचा प्रयत्न केला. परंतु मुक्तीच्या हुकुमाबरोबर चामड्यावरील जुना हक्कही गेला होता आणि त्याच्या बदल्यात जमीन वा भांडवल काहीच मिळाले नव्हते. कारखाना त्याच्या हातून गेला. १८८९ मध्ये तो मरण पावला. असाकुसाचा चर्मोद्योग मात्र टिकून राहिला.

इमादोहून वायव्येस जाणारी सान्या-बोरी ही कालव्याची वाट बुजवून आता तेथे लांबट उद्यान केले आहे. त्या कडेने चालत गेले की योशिवाराच्या तोंडाशी एक विलोचे झाड दिसते. १६५७ च्या महाअग्निकांडानंतर एदोची परवानाधारक वेश्यावस्ती येथे हलविण्यात आली. गरीब घरच्या मुली कर्जापोटी येथे विकल्या जात. वस्तीच्या भोवती खंदक होता आणि ये-जा करण्यास एकच दरवाजा. लगतच हिनिनांच्या प्रमुखाचे आवार होते. १९२३ च्या भूकंपात आगीपासून पळताना जवळच्या तळ्यात सुमारे ४९० जणांचा, त्यांत बहुसंख्य स्त्रियांचा, अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे कान्नोनची मूर्ती आहे. वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर १९५८ मध्ये येथील उघड वेश्याव्यवसायाची मुभा संपली.

योशिवाराच्या स्त्रिया मेल्यावर कोठे जात? याचे उत्तर मिनोवाजवळील जोकान-जी या विहारात आहे. १६५५ साली स्थापन झालेल्या या विहारास लोक 'नागेकोमी-देरा' म्हणत. त्याचा अर्थ 'फेकून देण्याचा विहार'. ज्यांचे कोणी नाही अशा स्त्रियांची प्रेते गवती चटईत गुंडाळून येथे आणून टाकली जात. १८५५ च्या भूकंपानंतर तर ती मोठ्या संख्येने आली. एकंदर पंचवीस हजार स्त्रिया येथे विसावल्या असे सांगितले जाते. त्यांच्यासाठी उभारलेला स्मृतिस्तंभ विहाराच्या मागील बाजूस आहे आणि त्याच्या तळाशी अस्थिकलश दिसतात. शेजारीच १९८२ मध्ये स्थापिलेली सूर्यफूल हाती घेतलेली जिझोची, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची, मूर्ती आहे. ती सान्या भागात एकाकी मरण पावणाऱ्या रोजंदारी मजुरांसाठी आहे. समाजाने टाकलेल्यांना अखेरची जागा देण्याची या विहाराची परंपरा अशा रीतीने आपल्या काळापर्यंत आली.

येथून पूर्वेस मिनामी-सेंजू स्थानकाकडे गेले की लोहमार्गांच्या मध्ये सापडलेली भूमी दिसते. ती कोझुकाप्पारा वधभूमी. १६५१ च्या सुमारास सुरू झालेल्या या वधभूमीवर मेइजी काळाच्या प्रारंभापर्यंत देहदंड दिले जात व प्रेते पुरली जात. त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. मृतांसाठी १६६७ मध्ये एको-इन हा विहार स्थापन झाला. लगतच्या एन्मेई-जी विहारात १७४१ साली घडविलेली सुमारे बारा फूट उंचीची दगडी जिझो आहे. २०११ च्या भूकंपात तिचा हात गळून पडला. पुढे ती पुन्हा उभी करण्यात आली.

याच भूमीवर १७७१ साली एक घटना घडली. जपानी वैद्यकाच्या इतिहासात ती सुवर्णाक्षरांनी लिहिली जाते. सुगिता गेन्पाकू, माएनो र्योताकू आदी वैद्य एका देहदंड झालेल्या स्त्रीचे शवविच्छेदन पाहण्यासाठी येथे आले. हाती डच भाषेतील शरीरशास्त्राचा ग्रंथ होता. ग्रंथातील चित्रे आणि समोरचे अवयव तंतोतंत जुळतात हे पाहून ते थक्क झाले. त्यांनी त्या ग्रंथाच्या भाषांतराचा संकल्प केला आणि १७७४ मध्ये 'काइताई शिन्शो' प्रसिद्ध झाला. एको-इनमध्ये या घटनेचा स्मृतिलेख आहे.

परंतु त्या दिवशी शस्त्र कोणाच्या हाती होते? वैद्य केवळ पाहत होते. शव उघडून हे हृदय, हे यकृत, हे जठर असे दाखविणारा होता एता वर्गातील नव्वद वर्षांचा एक वृद्ध. मूळ काम त्याच्या तोरामात्सू नावाच्या नातवाचे होते. तो आजारी पडल्याने आजोबा आले. तरुण वयापासून आपण अनेक शवे उघडली असल्याचे त्या वृद्धाने सांगितले. ज्या अवयवांना नाव नव्हते तेही त्याने बोट ठेवून दाखविले आणि प्रत्येक शरीरात ते याच जागी असतात असे सांगितले. हे सर्व गेन्पाकूने वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींत नोंदविले आहे. म्हणून आपणास ते कळते. वृद्धाचे नाव मात्र त्याने नोंदविले नाही. ग्रंथ वाचणाऱ्यांचे ज्ञान विद्या ठरले. हाताने मिळविलेले ज्ञान, तेच ज्ञान, अनामिक राहिले.

दक्षिणेस वळले की नामिदाबाशी, म्हणजे 'अश्रूंचा पूल', हा चौक लागतो. वधभूमीकडे नेल्या जाणाऱ्यांचा त्यांच्या आप्तांनी येथे निरोप घ्यावा, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ओढा बुजला, पूल गेला, चौकाला नाव उरले. पलीकडे सान्या वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योचे रस्ते, इमारती आणि १९६४ च्या ऑलिंपिकची बांधकामे ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली, ते रोजंदारी मजूर येथील स्वस्त खोल्यांत राहत. १९६६ साली पत्त्यांची फेररचना झाली आणि 'सान्या' हे नाव अधिकृत नकाशावरून नाहीसे झाले. दान्‌झाएमोनच्या वस्तीचेही नाव मेइजी काळात बदलून कामेओका-चो झाले होते. आज तेही नकाशावर नाही.

येथे या पायवाटेचा खरा प्रश्न उभा राहतो. वस्तीचे नाव पुसल्याने कलंक पुसला जातो काय? जपानचा अनुभव याचे उत्तर देतो. १८७२ च्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणी पूर्वीच्या अस्पृश्यांच्या नावापुढे 'नवनागरिक' अशा खुणा लिहिल्या गेल्या. चळवळीच्या दबावामुळे १९६८ मध्ये या नोंदी बंद करण्यात आल्या. तरीही १९७५ साली उघडकीस आले की देशभरातील अशा वस्त्यांची यादी गुप्तपणे छापून कंपन्यांना विकली जात होती, जेणेकरून नोकरीसाठी आलेल्याचा जन्म पत्त्यावरून हुडकता यावा. नावे सरकारी नकाशावरून गेली आणि गुप्त यादीत शिल्लक राहिली. २०१६ मध्ये या भेदभावाच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला, यावरूनच तो संपला नव्हता हे सिद्ध होते.

म्हणून या वाटेवरून चालणाऱ्याने एक मर्यादा पाळावी. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बाँबवृष्टी यांनंतर येथे सर्व प्रांतांतील लोक येऊन राहिले आहेत. आजच्या रहिवाशाचा जन्म त्याच्या दारावरून ताडणे म्हणजे त्या गुप्त यादीचेच काम करणे होय. यादी करणारा वस्तीचे नाव माणसाला अडविण्यासाठी वापरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ते अन्यायाची साक्ष म्हणून जपावे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो आवश्यकच होता. परंतु नवे नाव लिहिताना जुन्या अन्यायाची नोंद ग्रंथात, शाळेत आणि विहारात राहिली पाहिजे, हा धडा इमादो आणि सान्या देतात.

दुसरा प्रश्न अधिक कठोर आहे. बौद्ध देशात हे कसे घडले? जपानी विहार मृतास धम्मनाम देतात. त्यास 'काइम्यो' म्हणतात. अस्पृश्य मानलेल्यांच्या थडग्यांवर अनेक ठिकाणी पशु, दास, कातडे अशा अर्थाची चिन्हे कोरून भिक्षूंनी मरणानंतरही त्यांना वेगळे पाडले. त्यांत एक शब्द होता 'सेंदारा'. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे 'चांडाल'; भारतातून सूत्रग्रंथांबरोबर चीनमार्गे तेथे पोहोचलेला. धम्माच्या पेटीतून जातीचे विषही प्रवास करून गेले. मात्र तेराव्या शतकातील भिक्षू निचिरेन याने याच शब्दाने स्वतःची ओळख सांगितली. आपण चांडाल कुळातील आहोत असे त्याने लिहिले. एकच शब्द एकाने थडग्यावर कोरला, दुसऱ्याने आपल्या माथ्यावर घेतला.

१९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या विश्वधर्म-शांती परिषदेत सोतो झेन पंथाचे माचिदा मुनेओ यांनी जपानमध्ये असा भेदभाव उरलेला नाही असे सांगितले. बुराकू मुक्ती चळवळीने त्यास आव्हान दिले. पंथाला आपल्या नोंदवह्या आणि थडगी तपासावी लागली, आणि १९८४ मध्ये माचिदा यांनी आपले विधान मागे घेतले. हे परिवर्तन आपोआप झाले नाही. त्यामागे ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे स्थापन झालेल्या सुइहेइशा या समता संघटनेपासून चालत आलेला संघर्ष होता. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची एका जोदो शिन्शू विहारातच जन्मलेले होते.

यावरून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. एखाद्या देशात विहार किती आहेत, यावरून तेथील धम्माची कसोटी लागत नाही. टाकलेल्या स्त्रियांना आणि मजुरांना जागा देणारा जोकान-जी हाही विहारच. थडग्यावर पशूचे चिन्ह कोरणारा तोही विहारच. तथागतांनी जन्माने कोणी वृषल होत नाही, कर्माने होतो असे शिकविले. ती शिकवण जेथे आचरणात आली तेथे धम्म होता, जेथे विसरली गेली तेथे केवळ इमारत होती. असाकुसाच्या उत्तरेची ही चार-पाच किलोमीटरांची वाट पायी चालणाऱ्यास हा फरक दर वळणावर दिसतो. आपल्या विहारांच्या उंबरठ्यावरही तो रोज तपासून पाहावा, हेच या इतिहासाचे आपल्याकडे मागणे आहे.