एकॉर्नची घरची चिप

संगणक बांधणाऱ्याने त्यातला प्रोसेसर मात्र दुसऱ्याकडून विकत घ्यावा, ही वहिवाट आज आपल्याला स्वाभाविक वाटत असली तरी ती फार जुनी नाही. खोल्याच्या खोल्या व्यापणाऱ्या यंत्रांच्या काळी आयबीएमसारखे कारखानदार आपल्या यंत्राचे अंतरंग आपणच रचीत असत; पण 1971 साली इंटेल कंपनीने 4004 ही चिप बाजारात आणली आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत संगणकाचा हा मेंदू पेठेतल्या धान्यासारखा, भाव विचारून पोत्याने उचलण्याजोगा जिन्नस होऊन बसला. ही सोय इतकी मोठी होती की थोडे भांडवल आणि थोडी हुशारी एवढ्यावर कोणालाही संगणकाचा कारखाना काढता येऊ लागला, आणि ती इतकी मोठी होती म्हणूनच तिच्या पोटातले परावलंबन पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आले आणि असह्य झाले ते अमेरिकेतल्या एखाद्या धनाढ्य पेढीला नव्हे, तर इंग्लंडातील केंब्रिज येथल्या एकॉर्न नावाच्या एका लहानशा कंपनीला.

हर्मन हाउझर हा मूळचा व्हिएन्नाचा, केंब्रिजात पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला मनुष्य, आणि क्रिस करी हा क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या पदरी अनेक वर्षे राहून या धंद्यातल्या खाचाखोचा शिकलेला गृहस्थ. या दोघांनी 1978 च्या अखेरीस आपला व्यवसाय थाटला. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचे फळ. टेलिफोनच्या यादीत आपले नाव ॲपलच्या आधी यावे हाही हेतू या नामकरणामागे होता, असे सांगतात. पुढे बीबीसीने संगणक-साक्षरतेची दूरचित्रवाणी मालिका काढण्याचे योजिले आणि तिला जोडून एक यंत्र हवे म्हणून शोध चालवला, तेव्हा एकॉर्नच्या मंडळींनी एका आठवड्याच्या आत नमुना उभा करून तो मक्ता पदरात पाडून घेतला. 1981 च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो बाहेर पडला. अशी यंत्रे 12 हजार खपतील असा मूळचा अदमास होता. अखेरीस तो आकडा 15 लाखांच्या घरात गेला. 1984-85 साली भारत सरकारने शाळांसाठी जी ‘क्लास’ योजना काढली तिच्यातही हेच यंत्र होते, तेव्हा आपल्याकडील कित्येक मुलामुलींनी संगणकाच्या कळीवर पहिले बोट ठेवले ते एकॉर्नच्याच, हे येथे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

या यंत्राचा प्रोसेसर 6502 हा होता. चिप स्वस्त, बांधणीला साधी आणि चलाख. परंतु आठ बिटांची, आणि धंद्याचा ओघ तर सोळा व बत्तीस बिटांकडे वळलेला. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नच्या अभियंत्यांनी बाजारातले एकेक प्रोसेसर आणून पारखून पाहिले. त्यात मोटोरोलाचा 68000 होता, नॅशनल सेमिकंडक्टरचा 32016 होता. पण कोणताही पसंतीस उतरेना. त्यांच्या तक्रारी दोन होत्या. पंगतीत वाढपी भराभर वाढीत चालला असावा आणि जेवणाऱ्याला घासच उचलता येऊ नये, तशी गत स्मृतीची आणि या प्रोसेसरांची झाली होती. स्मृती जितक्या वेगाने माहिती पुरवू शके तितक्या वेगाने ती घेण्याची या चिपांची ऐपतच नव्हती. दुसरे असे की, हातातला कागद निकालात निघाल्यावाचून दारात उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून न पाहणाऱ्या कारकुनाप्रमाणे हे प्रोसेसर एखादी लांबलचक आज्ञा पुरी होईपर्यंत बाहेरच्या तातडीच्या हाकेला ओच देत नसत. इंटेलचा 80286 थोडा फेरफार करून मिळावा म्हणून एकॉर्नने विचारणा केली, ती फेटाळली गेली. एवढ्या मोठ्या पेढीने एवढ्या लहान गिऱ्हाइकाला नकार देण्यात व्यवहाराच्या दृष्टीने काहीच वावगे नव्हते. इतकेच की त्या नकाराचा हिशेब पुढे तिलाच चुकवावा लागला.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातून निघालेले काही निबंध हाउझर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या आपल्या दोन अभियंत्यांच्या हाती दिले. डेव्हिड पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रोसेसरला आज्ञा थोड्या आणि सोप्या शिकवाव्यात, म्हणजे तो त्या झपाट्याने पाळील. आणि ‘रिस्क’ नावाच्या या तत्त्वावरची एक चिप तेथल्या मूठभर विद्यार्थ्यांनी करूनही दाखवली होती. तरीही प्रोसेसर घडविणे हे शेकडो माणसांचे व अमाप द्रव्याचे काम, अशी समजूत दोघांच्याही मनात घट्ट होती. ती ढळली ॲरिझोनात. 6502 ची पुढची आवृत्ती रचणाऱ्या वेस्टर्न डिझाइन सेंटरची भेट घेण्यास ते गेले, तो त्यांना काचेच्या भव्य इमारतीऐवजी एका उपनगरातला साधा बंगला आढळला, आणि तेथे सुटीतल्या कामावर आलेली शाळकरी पोरे संगणकावर चिपांच्या भागांचे आराखडे काढीत बसलेली होती. ही मंडळी जर प्रोसेसर रचू शकतात तर आपण का नाही, हा विचार मनात घेऊन दोघे परतले.

1983 च्या ऑक्टोबरात कामास आरंभ झाला. आज्ञासंच विल्सन यांनी रचला, चिपेची अंतर्रचना फर्बर यांनी आखली, आणि हा नवा प्रोसेसर बरोबर चालेल की नाही याची पारख कोणत्या महासंगणकावर नव्हे, तर बीबीसी मायक्रोवर बेसिक भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने झाली. शाळेसाठी केलेल्या यंत्राने आपला उत्तराधिकारी स्वतःच तपासून घ्यावा, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. हाउझर पुढे सांगत, की इतर कोणत्याही कंपनीने आपल्या अभियंत्यांना न दिलेल्या दोन गोष्टी आपण त्यांना दिल्या: एक म्हणजे पैशाचा अभाव, दुसरी म्हणजे माणसांचा अभाव. ही निव्वळ कोटी नव्हे. इंटेलने 1985 साली जो 80386 काढला त्यात पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर होते. एकॉर्नच्या चिपेत होते सुमारे 25 हजार. जे मांडण्यास माणसे नव्हती ते गाळावे लागले, आणि जे गाळले त्यावाचून काही अडले नाही.

26 एप्रिल 1985 रोजी अमेरिकेतील व्हीएलएसआय टेक्नॉलॉजीच्या कारखान्यातून पहिल्या चिपा केंब्रिजला येऊन पोचल्या आणि त्याच दिवशी, पहिल्याच खेपेस, कामाला लागल्या. नाव ठेवले होते एकॉर्न रिस्क मशीन, म्हणजेच आर्म. चिपेवर महागड्या चिनी मातीच्या वेष्टणाऐवजी स्वस्त प्लास्टिकचे वेष्टण चालावे म्हणून तिची विजेची भूक एक वॅटच्या आत ठेवण्याचे धोरण होते. मापण्याची साधने तोकडी असल्यामुळे मंडळींनी प्रत्येक ठिकाणी हात आखडताच ठेवला होता. आता प्रत्यक्ष खर्च किती होतो हे पाहावे म्हणून फर्बर यांनी मापकयंत्र जोडले, तो काटा शून्यावरून हलेना. चिप तर बिनचूक चालत होती. शोध घेता उलगडा झाला, की जोडणीतल्या चुकीमुळे तिला विजेचा पुरवठा मुळी पोचतच नव्हता, आणि शेजारच्या भागांकडून संकेतांच्या तारांतून जी काही झिरपे तेवढ्या शिळ्यापाक्यावर ती चालली होती. खरा खर्च पुढे मोजला तेव्हा तो वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरला. या मितव्ययाचे मोल त्या दिवशी कोणाला उमगले नाही. टेबलावर ठेवायच्या, भिंतीतून वीज घेणाऱ्या यंत्राला त्याची गरजही नव्हती.

परंतु घराची घडी तोवर विसकटली होती. 1983 च्या नाताळात गिऱ्हाइके होती तेव्हा एकॉर्नपाशी माल नव्हता, आणि 1984 च्या नाताळात माल गुदामात तुंबला तेव्हा गिऱ्हाइके नव्हती. 1985 च्या फेब्रुवारीत इटलीच्या ऑलिव्हेट्टीने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला आणि पुढे ताबाच घेतला. घरच्या चिपेवरचा आर्किमिडीज 1987 साली निघाला. यंत्र वेगवान होते, इंग्लंडातल्या शाळांनी ते घेतलेही, पण कचेऱ्यांतून तोवर आयबीएमच्या पठडीचे राज्य स्थिर झाले होते, आणि ज्यावर आपले दप्तर उघडत नाही ते यंत्र कितीही चपळ असले तरी व्यापाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

चिपेचे दैव पालटले ते ती घरची राहिली नाही तेव्हा. न्यूटन नावाचे खिशात मावणारे यंत्र करण्याच्या खटपटीत असलेल्या ॲपलला कमी वीज खाणारा प्रोसेसर हवा होता, पण प्रतिस्पर्ध्याच्या मुखत्यारीतला नको होता. म्हणून 1990 च्या नोव्हेंबरात ॲपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही निराळी कंपनी काढली, आणि एकॉर्नमधून आलेल्या बारा अभियंत्यांनिशी तिचे प्रमुख रॉबिन सॅक्स्बी यांनी केंब्रिजजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या कोठारात तिचे बिऱ्हाड मांडले. चिप विकायची नाही, आराखड्याची सनद द्यायची आणि दर चिपेमागे स्वामित्वधन घ्यायचे, असा हा नवा कारभार होता. न्यूटन पडला. मोबाइल टेलिफोन मात्र आले, आणि जेथे भिंतीतली वीज नाही तेथे त्या विसरलेल्या मितव्ययाची किंमत सगळ्यांना कळून आली. ॲपलनेही पुढे अडचणीच्या दिवसांत आर्मचे भाग विकूनच रोकड उभी केली. एकॉर्नने 1998 च्या सप्टेंबरात आपले शेवटचे नियोजित यंत्र रद्द केले आणि संगणकाचा धंदा सोडला.

10 नोव्हेंबर 2020 रोजी ॲपलने इंटेलचा हात सोडून एम1 या स्वतःच्या प्रोसेसरावरचे संगणक जाहीर केले, तेव्हा संगणककर्त्याने स्वतःची चिप करावी हे जणू अपूर्व घडले असा गाजावाजा झाला. कर्तबगारी मोठी होती यात शंका नाही. 1600 कोटी ट्रान्झिस्टरांची ती चिप आहे. पण तिचा आज्ञासंच आर्मच्या वंशातला व सनदेने घेतलेला आहे आणि ती घडते तैवानात, तेव्हा तिला घरची म्हणताना हात थोडा आवरता घ्यावा. आर्मचे मुख्य कार्यालय आजही केंब्रिजच्या फुलबर्न रोडवर आहे. एकॉर्नचे कार्यालयही त्याच रस्त्यावर होते.