बारडोलीचा स्वराज आश्रम: सुरतेच्या मराठी कुटुंबांनी पाहावे असे एक घर

सुरत–भुसावळ मार्गावर उधना, चलथाण गेले की थोड्याच वेळात बारडोली येते. आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत आपल्यातील शेकडो कुटुंबे याच गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जातात. स्थानकाची पाटी सर्वांनी पाहिलेली असते, उतरलेले मात्र थोडेच असतात. सुरतेपासून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या या गावात सरदार वल्लभभाई पटेल यांचे वास्तव्य असलेला स्वराज आश्रम आहे. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन कुठे जावे, असे सभासद नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी या वास्तूची माहिती येथे एकत्र देत आहोत.

हे घर का पाहावे

मराठी शाळेच्या इतिहासात सुरतेचे नाव दोनदा ठळकपणे येते. एकदा १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांत, आणि दुसऱ्यांदा १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात, जिथे लोकमान्य टिळकांचा जहाल गट आणि मवाळ गट यांची फाटाफूट झाली. दोन्ही प्रसंगी आपली माणसे बाहेरून आली आणि परत गेली. आपण मात्र इथे राहिलो. आपली मुले इथे जन्मली, गुजरातीत शिकली, आणि उद्या या शहराचा कारभारही पाहतील. त्यांना या मातीतला, राहणाऱ्यांचा इतिहास ठाऊक हवा. तो समजून घ्यायला बारडोलीइतकी जवळची जागा दुसरी नाही.

आश्रम आणि त्यातील वास्तू

स्वराज आश्रमाची सुरुवात १९२२ सालची. त्या वर्षी २९ जानेवारीला बारडोली तालुका परिषदेने सामुदायिक कायदेभंगाची तयारी जाहीर केली होती. पण ४ फेब्रुवारीला चौरीचौरा येथे हिंसाचार झाला, आणि बारडोलीतच भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीत ११–१२ फेब्रुवारीला आंदोलन स्थगित करण्याचा निर्णय झाला. साऱ्या देशाचे लक्ष लागलेला तालुका एका रात्रीत शांत बसला. पुढची सहा वर्षे कार्यकर्त्यांनी सूतकताई, शाळा, दारूबंदी अशी कामे नेटाने चालू ठेवली. १९२८ चा लढा उभा राहिला तो या कामावर.

आश्रमाच्या आवारात सरदारांचे निवासस्थान, गांधीजींच्या मुक्कामाची जागा, खादीचे काम आणि सरदारांच्या जीवनावरील संग्रहालय आहे. राजवाडा पाहायच्या तयारीने गेलात तर निराशा होईल. इथे राहणारी माणसे कामासाठी राहत होती. गांधीजींचा मुक्कामही इथे अनेकदा झाला. सुभाषबाबूंच्या फेरनिवडीनंतरचे ३१ जानेवारी १९३९ चे प्रसिद्ध निवेदन त्यांनी बारडोलीहून काढले, आणि ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला येताना गाडीत लिहिली.

सारावाढीचा हिशेब

संग्रहालयातील छायाचित्रे समजायची असतील तर आधी एक हिशेब माहीत हवा. त्या काळी मुंबई इलाख्यात जमीन महसुलाची फेरआकारणी साधारण तीस वर्षांनी होई. बारडोलीची पाळी आली तेव्हा एम. एस. जयकर या डेप्युटी कलेक्टरांनी सुमारे ३० टक्के सारावाढ सुचवली. (हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत.) त्यांची कारणे वाचण्यासारखी आहेत. तालुक्यातून तापी व्हॅली रेल्वे गेली, लोकसंख्या वाढली, दुभती जनावरे वाढली, पक्की घरे झाली, धान्याचे आणि कापसाचे भाव चढले, म्हणजे शेतकरी सुधारला, असा युक्तिवाद होता. आपण गावी जातो तीच ही रेल्वे. सरकारने शेवटी वाढ सुमारे २२ टक्क्यांवर आणली.

शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते. भाव चढले तेव्हाचे आकडे धरले, पण पुढे ते उतरले त्याचे काय? आणि शेतीचा खर्च, डोक्यावरचे कर्ज कुणी मोजले? त्यांनी वाढ रद्द करा असा हट्ट धरला नाही. निःपक्ष चौकशी करा, नाहीतर जुना सारा पूर्ण वसूल म्हणून घ्या, एवढीच मागणी होती. सरकारने ती नाकारल्यावर १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सारा न भरण्याचा ठराव झाला. त्या वेळी अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष असलेल्या वल्लभभाईंनी नेतृत्व स्वीकारले. होकार देण्याआधी त्यांनी शेतकऱ्यांना जमीन जाण्याची, जप्तीची, तुरुंगाची सगळी जोखीम परतपरत समजावून सांगितली होती.

कुलूपबंद घरे

तालुक्यात १३७ गावे आणि सुमारे ८७,००० वस्ती. ठिकठिकाणी छावण्या उघडल्या, स्वयंसेवक नेमले, रोजची पत्रिका गावोगाव वाचली जाऊ लागली. जप्तीचा अधिकारी येताना दिसला की ढोल वाजे आणि घरांना कुलपे लागत. माणसे आणि म्हशी एकाच घरात दिवसदिवस दार लावून राहत. ज्या पक्क्या घरांच्या आधारे सारा वाढवला, तीच घरे जप्तीपासून आडोसा झाली. अनेक पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल यांनी गावोगाव फिरून स्त्रियांना लढ्यात आणले. ‘सरदार’ हे संबोधन वल्लभभाईंना याच लढ्यात मिळाले.

ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली. चौकशी मान्य झाली, कैदी सुटले, जप्त जमिनी परत करण्याचे आणि राजीनामा दिलेल्यांना पुन्हा घेण्याचे ठरले. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली. १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. त्यांच्या हिशेबात योग्य वाढ निघाली सुमारे ६ टक्के. बावीस आणि सहा हे दोन आकडे मुलांना लक्षात ठेवायला सांगा. बाकीची गोष्ट त्यांना आपोआप आठवेल.

आपल्या ओळखीच्या काही खुणा

लढा चालू असताना नामदार गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे तिघे जण बारडोलीत पाहणीला आले: हृदयनाथ कुंझरू, अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबाप्पा, आणि श्रीधर गणेश वझे. ते सत्याग्रही नव्हते, सनदशीर मार्गाचे होते. तरीही कागद तपासून त्यांनी फेरचौकशीची मागणी रास्त ठरवली. विरुद्ध मताच्या पण अभ्यासू माणसाची साक्ष किती मोलाची असते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी खूण गायकवाडांची. बारडोली इंग्रजी मुलखात, तर शेजारचे पलसाणा, महुवा, व्यारा हे महाल बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. १९३० च्या चळवळीत दडपशाही असह्य झाली तेव्हा बारडोलीचे हजारो शेतकरी घरदार सोडून, हद्द ओलांडून या बडोद्याच्या मुलखात जाऊन राहिले. त्याला ‘हिजरत’ म्हणत. आज सुरतेहून मोटारीने कडोदरामार्गे बारडोलीला जाताना पलसाणा तालुक्यातून जावे लागते. तिथे आता हद्दीचा दगड शोधत कुणी थांबत नाही, पण मुलांना हे रस्त्यातच सांगावे.

पाहताना विचारायचा प्रश्न

बारडोलीचा लढा जमीन कसणाऱ्या खातेदारांचा होता. त्याच तालुक्यात दुबळा म्हणवला जाणारा मोठा मजूरवर्ग होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी यातली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या शेतावर ‘हाळी’ म्हणून राबत. पुढे या समाजाला ‘हळपती’ हे नाव मिळाले. सारा कमी झाल्याने त्यांची मजुरी वाढली नाही. आश्रमाच्या कार्यकर्त्यांनी रानीपरज आणि हळपती वस्त्यांत शाळा काढल्या, काम केले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात असे आम्हाला वाटते.

याचे एक कारण आपल्या घरचे आहे. बारडोली आज उसाचा आणि सहकारी साखर कारखान्याचा प्रदेश आहे. हंगामात तोडणीला येणाऱ्या मजुरांत धुळे-नंदुरबारकडची, आपली भाषा बोलणारी माणसे कित्येक वर्षांपासून आहेत. आश्रमातून बाहेर पडल्यावर उसाने भरलेली गाडी दिसली आणि तिच्यावरून अहिराणी ऐकू आली, तर नवल वाटू देऊ नका. शेतकऱ्याने आपला हिशेब सरकारकडून तपासून घेतला त्या गावात मजुराचा हिशेब आज कोण तपासतो, हा प्रश्न मुलांनी विचारला तर सहल सार्थकी लागली असे समजावे.

जाणाऱ्यांसाठी

सुरत किंवा उधन्याहून रेल्वेने, एसटीने अथवा मोटारीने सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येते. निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळेची चौकशी करावी. आश्रम शांतपणे पाहायला दोन तास हाताशी ठेवावेत. गावातच ‘ऐतिहासिक आंबो’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, तीही पाहावी. वेळ उरला तर तापीकाठचे हरिपुरा गाठावे. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले होते, आणि नंदलाल बोस यांनी त्यासाठी काढलेली ग्रामजीवनाची चित्रे आजही नावाजली जातात.

ज्येष्ठांना बरोबर न्यावे. फलक वाचून दाखवायला नातवंडे, आणि सारा, जप्ती, तलाठी हे शब्द समजावायला आजी-आजोबा, अशी जोडी जमते. सातबारा म्हणजे काय हे शहरात वाढलेल्या मुलाला पुस्तकापेक्षा आजोबा चांगले सांगतील. आणि पुढच्या वेळी गावी जाताना बारडोली आली की खिडकीतून बोट दाखवायचे काम मुलांवर सोपवावे.