सोलापूरहून पंधरा कोटी वर्षं मागे

सोलापूरच्या कुठल्याही खाणीत उतरा, काळा दगडच लागतो. तुम्हाला त्याच्याही खाली जायचं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. १९९३च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसॉल्ट संपल्यावर कुठे जुना पाया लागला. आपण ज्यांना पाहायला निघालोय, ती लांब हाडकी शेपटीची सुरुवातीची पाखरं हा दगड तयार होण्याच्या कितीतरी आधीची. सोलापूरच्या दगडात त्यांचा माग काढण्यात अर्थ नाही.

तर उतरा. पंधरा कोटी वर्षं मागे. सोलापूर आता विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला आहे. मादागास्कर, अंटार्क्टिका भारताला चिकटलेले. सह्याद्री नाही, म्हणून भीमाही नाही. नेचे आहेत, सायकससारखी झाडं आहेत, सूचिपर्णी झाडं आहेत. पण गवताचं पातं शोधून सापडणार नाही. मालदांडी ज्वारीचं अख्खं कूळ अजून जन्मायचंय.

पाखरासाठी टेथिस समुद्र ओलांडून उत्तरेला चला, आजच्या जर्मनीतल्या सोल्नहोफेनला. उबदार बेटं, उथळ खारी तळी. तो पाहा आर्किओप्टेरिक्स, डोमकावळ्याएवढा. आणखी जवळ जा. जबड्यात दात आहेत, पंखाला नख्यांची तीन बोटं आहेत. आणि शेपूट! वीसेक मणक्यांची लांब हाडकी शेपूट, दोन्ही अंगांना जोडीजोडीने पिसं, थेट माडाची झावळी. इथे मोर आठवू नका. मोराचा पिसारा म्हणजे शेपटीच्या वर फुटलेली पिसं. त्याची हाडाची शेपूट आखूडच असते. या पाखराची शेपूट डायनासोरकडून आलेली आहे.

असं एखादं पाखरू तळ्यात पडतं. तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे ते कुजून विखरत नाही. चुन्याचा बारीक गाळ पिसांच्या रेघासुद्धा जपतो. १८६१ साली ते जगापुढे आलं, तेही छपाईचे दगड काढणाऱ्या खाणींतून. शिळाछापासाठी जगभर नावाजलेला दगड तो हाच.

तीन कोटी वर्षं अलीकडे या, चीनच्या ईशान्येला. जेहोलॉर्निसची शेपूट तर आणखी लांब, आणि पोटात बिया. त्याच रानात कन्फ्यूशिऑर्निस आहे: दात गेलेले, चोच आलेली, शेपटीचे शेवटचे मणके जुळून एक आखूड हाड झालेलं. मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. जुनी आणि नवी शेपूट एकाच काळात, एकाच आभाळात उडत होती. आखूड शेपटीने मागचं वजन घटलं, आणि आजचे सगळे पक्षी त्याच घडणीचे आहेत. लांब हाडाची शेपूट मात्र कायमची गेली.

परतताना चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला थांबा. लाव्हा यायच्या थोडं आधीचा काळ. तिथल्या डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले. ते संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे गवत आलं होतं.

त्या गवताच्या वंशजांवर सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ उभा आहे. १९७९ साली तिथे माळढोकसाठी अभयारण्य झालं. आखूड शेपटीचा हा भारदस्त पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. माळरानं नांगराखाली गेली, विजेच्या तारा वाढल्या, तसा तो कमी होत गेला. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला, तरी त्याची बातमी होते.