पेला तोच, पोट वेगळं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय वर्षभर डोक्यात घोळत होता, पण हात धजत नव्हता. ज्याच्याबद्दल आहे त्याने "लिही, फक्त नाव टाकू नको" असं सांगितल्यावर बसलोय. म्हणून त्याला इथे नुसतं दादा म्हणतो. नात्यातल्या मंडळींना कोण ते कळेलच, त्यांनी कृपा करून गप्प बसावं :)

गेल्या वर्षीची गोष्ट. पडघ्याला आमच्याच घरातल्या एका मुलाची हळद होती. आमच्या आगरी लोकांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. लग्न एक वेळ चुकवलं तर चालतं, हळद चुकवली तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. पूर्वी रात्रभर धवलारीण धवले म्हणायची, आता डीजे असतो. मटण तेव्हाही होतं, आताही आहे. आणि पेला तर आहेच.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. एकेकाळी वजन १२८ किलो, साखर, रक्तदाब, रात्री झोपेत श्वास अडकायचा. दीड वर्षापूर्वी त्याने पोट कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तो ८४ किलोवर आला होता. नवा शर्ट, नवा चेहरा. मी त्याच्यापुढे पेला धरला. तो दोनदा नको म्हणाला. "डॉक्टरांनी मनाई केलीय." मी म्हटलं, "दीड वर्ष झालं की. बस रं, एकानी काय व्हतंय?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. म्हणून हे सगळं लिहिणं.

अर्ध्या तासात त्याचे दोन स्मॉल झाले. एकेकाळी अर्धी बाटली रिचवून सरळ रेषेत चालणारा हा माणूस. थोड्या वेळाने बघतो तर चेहरा पांढराफटक, घामाने अंग भिजलेलं, शब्द घरंगळतायत. मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला तो उठेचना. लोक हसले. "दादाची ताकद गेली रं!" मीही हसलो. त्याच्या मुलाने मात्र आधी गाडीची चावी काढून घेतली आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की रक्तातली साखरही बरीच खाली गेली होती. नशिबाने निभावलं.

"ताकद गेली" हे शब्द ऐकून मला आप्पा आठवले. आमचे आजोबा. सत्तरच्या दशकात त्यांचं मुंबईला अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, जठराचा मोठा भाग काढला होता. त्याआधी ताडीचा लोटा हे त्यांच्या लेखी पाण्यासारखं. ऑपरेशननंतर अर्ध्या पेल्यात ते ओटीवर आडवे व्हायचे. घरात सगळे म्हणायचे, आप्पांची पेलायची ताकद गेली, वय झालं. वय बावन्न! म्हणजे दादाला हळदीत जे झालं ते आमच्या घराने एकदा पाहिलेलं होतं. फक्त आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं, म्हणून ते विसरून गेलो.

मग नेहमीच्या सवयीने वाचत सुटलो. आपल्याकडे दारूचा इतिहास आहे, पोटाचाही आहे. दोन्ही एकत्र मांडून पाहिले.

आधी दारूचा. पडघा आणि आसपासच्या पाड्यांवर वारली, कातकरी, ठाकूर राहतात. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात. ती वाळवून ठेवायची, टंचाईच्या दिवसांत शिजवून खायची आणि त्याचीच दारूही गाळायची. जन्म, लग्न, मरण, यातलं काहीच तिच्याशिवाय नाही. पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. कधी, कुणी, कुणाबरोबर प्यायची ते समाजाने ठरवलेलं. सगळं गोड होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण घरात जे गाळलं जायचं त्याचा कस घरच्यांना माहीत असायचा.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. सरकारला महसूल हवा होता. घरी गाळणं गुन्हा ठरलं, मक्ते दिले गेले, ताडाच्या झाडांवर कर बसला. कारखान्यातली मोहाची दारू यायची उरणच्या भट्ट्यांतून, त्यातल्या बऱ्याच पारशी मालकांच्या. तरी लोक रानातली फुलं गोळा करून चोरून गाळतच होते. म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी 'म्हौरा ॲक्ट' आला आणि मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. विचार करा, झाडाखाली पडलेलं फूल उचलणं गुन्हा! जे फूल उपासमारीत खायचं तेच. इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी १९९५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या दारूच्या या इतिहासावर लिहिलं आहे. आदिवासी 'दारुडे' आहेत असं म्हणणारं सरकारच त्यांना दुकानातली दारू विकत घ्यायला लावत होतं, हे त्यातून कळतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांमधून एक 'देवी' निघाली. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून ती सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. ही देवी गावोगाव फिरत डोंगरातल्या आदिवासींपर्यंत आणि तिथून दक्षिण गुजरातेत गेली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. हजारो लोकांनी पिणं सोडलं, दारूच्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. बरेच जण पुढे परत प्यायला लागले हे खरं. पण गंमत बघा, सोडायचं कसं तर सगळ्यांनी मिळून. एकट्यादुकट्याने 'नको' म्हणायची वेळच कुणावर आली नाही. अख्ख्या मांडवानेच 'नको' म्हटलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण बंदी. तेव्हा मोरारजी देसाई गृहमंत्री होते. खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूला नियमानं वाट मिळाली. परवाना मात्र राहिला. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना देण्याची सोय त्या कायद्यातच होती, आणि आजही महाराष्ट्रात कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. म्हणजे दारू आणि प्रकृती यांचा संबंध सरकारदरबारी केव्हाच जोडलेला आहे. फक्त तो परवाना तुमचं जठर किती उरलंय ते विचारत नाही.

आता पोटाचा इतिहास. थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने १८८१ साली व्हिएन्नात कर्करोग झालेल्या एका बाईच्या जठराचा भाग यशस्वीपणे काढला. पुढे अल्सरसाठी अशी ऑपरेशनं सर्रास व्हायला लागली. आमचे आप्पा त्याच रांगेतले. त्या रोग्यांचं एक लक्षण डॉक्टरांना दिसत होतं: बरे होतात पण अंग धरत नाहीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी हाच दोष उलटा फिरवला. ज्यांचं वजन जीवावर बेतलंय त्यांना हाच गुण का देऊ नये? १९६६ साली त्यांनी जठराचा बायपास सुरू केला. १९९४ मध्ये तो दुर्बिणीतून करता येऊ लागला. जठराची उभी नळी ठेवून बाकीचं कापून टाकायचं ते 'स्लीव्ह' ऑपरेशन, दादाचं झालं ते, स्वतंत्रपणे रूढ झालं ते या शतकात. आपल्याकडे २०११ साली नितीन गडकरींनी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा ते पेपरात गाजलं, आणि २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईत आल्या तेव्हा तर ते टीव्हीमुळे प्रत्येक घरात पोचलं.

पडघ्यापर्यंत ते पोचलं यात नवल नाही. भाताची खाचरं गेली, गोदामं आली. समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक आमच्या शेजारच्या आमण्याला. जमिनींचे पैसे आले, बैलामागून चालणं गेलं. शेतात राबणाऱ्या अंगाला लागणारं जेवण तेवढंच राहिलं, राबणं राहिलं नाही.

तर आता मुद्द्याचं. बायपासमध्ये जठराची जी छोटी पिशवी उरते ती साधारण ३० मिलिलिटरची. म्हणजे बरोब्बर एक स्मॉल! स्लीव्हमध्ये शंभर-दीडशे मिलिलिटर उरतं, एका क्वार्टरपेक्षा कमी. पण नुसतं माप लहान झालं एवढंच नाही. धडधाकट जठर दारू थोडा वेळ अडवून धरतं, काही भाग तिथेच मोडतो, बाकीची हळूहळू आतड्यात सोडतं. जठरच गेलं की देवडीवरचा पहारेकरीच गेला. दारू थेट आतड्यात जाते आणि काही मिनिटांत रक्तात.

२००७ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी बायपास झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकेक ग्लास रेड वाइन देऊन मोजलं. ऑपरेशनवाल्यांच्या रक्तात १०० मिलिलिटरला साधारण ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चढलं, बाकीच्यांत ५० पर्यंत. उतरायलाही त्यांना वेळ जास्त लागला. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० आहे. ज्यांना नाशिक हायवेवरून रात्री घरी जायचं असतं त्यांनी हे आकडे परत वाचावेत. २०१५ मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांना असं दिसलं की बायपास झालेल्या बायकांना दोन पेल्यांत जे होतं ते आधी चार पेल्यांनी व्हायचं. स्लीव्हबद्दल आधी मतभेद होते, पण २०१८ च्या एका अभ्यासात तिथेही पारा तसाच भरभर चढताना दिसला. त्यात या लोकांची साखर जेवणानंतर कधीकधी एकदम पडते, आणि दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही. दादाला त्या रात्री दोन्ही एकदम झालं असणार.

इथपर्यंत मला वाटत होतं की ही एका रात्रीची चूक. पण चार महिन्यांनी वहिनीचा फोन आला. कपाटात बाटल्या सापडल्या होत्या. दादा रोज रात्री घेत होता. मी भेटायला गेलो तर तो हसत म्हणाला, "अरे, एकात काम होतं. स्वस्त पडतं." त्या हसण्याने माझ्या पोटात खड्डा पडला.

याचीही नोंद डॉक्टरांकडे आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या दहा-एक दवाखान्यांतल्या जवळजवळ दोन हजार रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी दारूचा त्रासदायक नाद ७.६ टक्क्यांना होता. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी फरक पडला नाही, दुसऱ्या वर्षी आकडा ९.६ टक्क्यांवर गेला. म्हणजे धोका येतो तो सगळे निर्धास्त झाल्यावर. 'दीड वर्ष झालं की' असं आपण म्हणतो ना, नेमका तेव्हा. नंतरच्या अभ्यासात पाच वर्षांत बायपास झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा त्रास सुरू झालेला दिसला.

लोक म्हणतात, खाण्याचं व्यसन गेलं, ते पिण्यावर बसलं. मन कुठेतरी रमायला हवंच. त्यात तथ्य असेलही. पण तेवढंच असतं तर पोटाला नुसता पट्टा बांधलेल्यांतही ते तितकंच वाढायला हवं होतं, तसं ते वाढलेलं नाही. म्हणजे कापलेल्या आणि जोडलेल्या आतड्याचाही यात हात आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे याला लगेच 'मनाचा दुबळेपणा' म्हणून मोकळे होतात. कातकऱ्याला दारुडा म्हणणारं गोरं सरकार आणि दादाला दारुडा म्हणणारे आम्ही, यांत मला फारसा फरक दिसेना. दोघांनीही माणसाकडे बोट दाखवलं आणि त्याच्या भोवतीचं आणि पोटातलं काय बदललंय ते पाहिलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी दादाला सहीच्या कागदांत एक ओळ होती म्हणे दारूबद्दल. एक ओळ. त्याने वाचली होती, वहिनीने वाचली नव्हती, आणि आम्हा बाकीच्यांना ती कुणी दाखवलीच नाही. पण पेला त्या कागदाने पुढे केला नव्हता, मी केला होता.

दादाने पुढे डॉक्टरांना खरं सांगितलं. समुपदेशन, गोळ्या, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं (बी-वन कमी पडलं तर मेंदूवर येतं, ते वेगळंच). मध्ये एकदा घसरला. आता सात महिने झाले, बंद आहे. मीही त्याच्या घरी, त्याच्यासमोर घेत नाही. त्याने तसं सांगितलं नव्हतं.

या मे महिन्यात घरात आणखी एक हळद आहे. मांडव घालायला जमलो तेव्हा थोरल्या काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या वर्षी दादाच्या हाताला पेला लावायचा नाय. लावील त्याला मी बघतंय." लोक हसले, पण कुणी उलट बोललं नाही. त्या देवीची आठवण झाली. बाकीचे घेणार नाहीत असं नाही हो, आमची हळद आहे. पण निदान नको म्हणायचं ओझं त्या एकट्याच्या डोक्यावर नसेल.

आपल्याही घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर एवढंच करा: तो नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारू नका. असो.