वारली दैवतकथा : देवांचे सामर्थ्य आणि खलशक्तींचे हेतू

वारली दैवतकथा : पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत आणि आसपासच्या पट्ट्यात राहणाऱ्या वारली समाजाच्या देव, पितर व अनिष्ट शक्तींविषयीच्या मौखिक कथा. लग्न, पेरणी, कापणी, आजारपण व मृत्यू या प्रसंगी भगत (देवपूजा व संकटाचे निदान करणारे) आणि धवलेरी (लग्नाची गाणी गाणाऱ्या स्त्रिया) त्या गातात किंवा सांगतात. सर्वशक्तिमान असा एकच देव या कथांत आढळत नाही. प्रत्येक देवाचे काम व हद्द ठरलेली असते आणि त्याला माणसांकडून मिळायचा ‘मान’ही ठरलेला असतो. अनिष्ट शक्ती बहुधा जन्मजात दुष्ट नसतात. भूक, अपमान, विसर किंवा मोडलेला शब्द यांमुळे त्या कोपतात, आणि हे कारण शोधून दूर करणे हाच संकटावरचा उपाय मानला जातो. म्हणून देव किती समर्थ आणि खलाला नेमके काय हवे, हे दोन प्रश्न या परंपरेत एकत्रच सोडवावे लागतात.

प्रदेश : पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीचे फाटे आणि उत्तरेला गुजरात व दादरा-नगर हवेलीची सीमा असा हा मुलूख आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता. वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. शेती मुख्यतः पावसावरच्या भाताची, आणि घरखर्चाला जंगलातल्या लाकूडफाट्याचा, रानभाज्यांचा व कंदांचा आधार. पाऊस, दाणा, जंगल आणि जनावर यांवरच जगणे अवलंबून असल्याने दैवतांची कामेही त्यांच्याभोवतीच वाटली गेली आहेत.

देवांची कामे : नारनदेव पावसाचा. धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्य, गावतरी म्हणजे गाय. हिमाय ही देवी आहे. हिरवा हा घरचा देव असून मोरपिसांच्या जुडीच्या रूपाने तो पुजला जातो. गावदेव गावाची राखण करतो, वाघदेव रानाची व शिवेची. एकाचे काम दुसरा करत नाही. पाऊस लांबला तर घरच्या देवाकडे दाद मागून भागत नाही, आणि शिवेवरचे संकट कणसरीच्या कक्षेत येत नाही. देवांना माणसांची गरजही असते. पावसाळ्यात उगवणारी कोळीभाजी देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही आणि नवे भातही देवाला वाहिल्यावरच खाल्ले जाते. कापणीनंतर भगत घांगळीवर कणसरीची कथा गातो. भोपळे आणि बांबूची दांडी यांपासून बनवलेले हे तंतुवाद्य आहे. कणसरी दाण्यातच वसते अशी समजूत असल्याने या गायनात मागणे जितके असते तितकेच आभारही असतात.

पालघट : देव माणसांच्या कृतीवर अवलंबून असल्याचे सर्वांत स्पष्ट चित्र लग्नचौकात दिसते. लग्नघरातली कुडाची भिंत शेणमातीने सारवून गेरूने रंगवतात. सवाशिणी बांबूची काडी पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठात बुडवून त्या भिंतीवर चौकट काढतात. चौकटीच्या कडा बारीक नक्षीच्या पट्ट्यांनी भरतात. आत पालघट देवी उभी राहते. ती वनस्पती, संतती आणि सुफलनाची देवता आहे. भोवती सूर्य, चंद्र, फणी, झाडे व माणसे काढतात. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव घोड्यावर असतो. चौकाशिवाय लग्न लागत नाही, म्हणजे देवी नसेल तर लग्न नाही. पण देवी यायची तर आधी पाड्यातल्या बायकांच्या हातून चौक पुरा व्हावा लागतो. धवलेरी गाण्यांतून देवांना एकेक करून बोलावते आणि त्यांनी येऊन बसावे यासाठी जागा तयार ठेवलेली असते.

वाघदेव : धोक्याची शक्तीच दैवत कशी होते, हे वाघदेवाच्या कथेवरून समजते. कथेचे तपशील पाड्यापाड्याला बदलतात, गाभा मात्र टिकून राहतो. लग्न न झालेल्या एका मुलीला मूल होते. ते मूल वाघाचे रूप घेते आणि वाढत्या भुकेपायी गावातली गुरे मारू लागते. गाव त्याला ठार करायला निघते. तेव्हा त्याची आई मध्ये पडते आणि दोन्ही बाजूंत करार घडवून आणते. वाघाने रानात राहायचे आणि गावाला त्रास द्यायचा नाही. गावाने त्याला ठाणे बांधून द्यायचे आणि वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा.

कथेत कोणाचाही निःपात होत नाही. वाघ गुरे मारतो ते भुकेमुळे, द्वेषामुळे नव्हे. त्याच्या जन्माला गावाच्या नजरेतला कलंक चिकटलेला असतो, हेही कथा लपवत नाही. त्याला देवपण मिळते ते पराक्रम गाजवून नव्हे, तर मर्यादा मान्य करून. गावावरही तितकेच बंधन येते, कारण मान चुकला तर करार मोडतो आणि दोष गावाकडे जातो.

हा करार दरवर्षी अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीच्या दिवशी नव्याने पाळला जातो. शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी वाघदेवाची लाकडी फळी किंवा शिळा असते. तिच्यावर वाघ कोरलेला असतो आणि वर बहुधा सूर्य-चंद्र, कुठे नागही. उन्हापावसाने लाकूड करडे पडते, पण शेंदराचा थर दरवर्षी नवा चढतो. भगत देवाला हाक देतो, नारळ फुटतो, कोंबडा किंवा बोकड दिला जातो. ठाण्याभोवती जमलेली माणसे गुरांचे व लेकरांचे रक्षण मागतात. कराराची एक बाजू आपण पुरी केली, आता दुसरी देवाने पाळावी, असे त्यामागचे म्हणणे असते.

कोप आणि निदान : आजार, गुरांचे मरण किंवा पिकाची नासाडी झाली की भगताला बोलावतात. तो तांदळाचे दाणे पाहून कोण कोपले आणि का, हे सांगतो. कोणाचा मान राहिला, कोणता नवस फिटला नाही, कोणत्या पितराची आठवण झाली नाही, अशा दिशेने शोध चालतो. अनिष्टामागे हेतू असतो आणि तो माणसाला कळू शकतो, ही या पद्धतीची मूळ धारणा आहे. हेतू कळला की शत्रूला मारण्याऐवजी त्याचे देणे फेडून मिटवता येते. शरीराच्या आजारावर हा उपचार नाही आणि सर्पदंश किंवा ताप यांत वेळ गेल्याने जीव गेल्याच्या घटनाही घडतात. कथा म्हणून मात्र संकटाला द्वेषाऐवजी कारण देण्याची ही रीत मोलाची आहे.

भुताळी : याच विचाराचा सर्वांत घातक फाटा म्हणजे भुताळीची कल्पना. मत्सरापोटी दुसऱ्याचे मूल, गुरे किंवा पीक ‘खाणारी’ बाई, असा हा समज आहे. येथे खलहेतू देवाला किंवा रानातल्या शक्तीला न लावता शेजारच्या जिवंत बाईला लावला जातो. ती बहुधा विधवा, एकटी किंवा जमिनीची वारस असते. देवाचा मान देऊन मिटवण्याची वाट तिच्यासाठी उरत नाही. मारहाण, गावाबाहेर काढणे आणि खून एवढेच तिच्या वाट्याला येते. दैवतकथांत वाघाला जी आई मिळते, ती या बाईला मिळत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी केल्याचा आरोप ठेवून त्याचा छळ करणे गुन्हा ठरवले आहे.

विवळवेढ्याची महालक्ष्मी : डहाणू तालुक्यात चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान आहे. आदिवासींसह कोळी, कुणबी आणि गुजरातेतून येणारे भाविक तिला मानतात. देवीचे मूळ ठाणे मुसळ्या डोंगरावर. कथेनुसार एक गरोदर भक्त चढताना चक्कर येऊन पडली. देवीने तिला दर्शन दिले, पुढे वर येण्याची गरज नाही असे सांगितले आणि स्वतः पायथ्याशी आली. चैत्र पौर्णिमेपासून सुमारे १५ दिवस यात्रा भरते. वाघाडी गावचा पुजारी मध्यरात्री डोंगर चढून शिखरावर ध्वज लावतो. पुराणांतील लक्ष्मीचे नाव घेतलेली ही देवताही येथे सामर्थ्याच्या प्रदर्शनाने मोठी झालेली नाही. भक्ताच्या थकव्यासाठी जागा बदलणारी म्हणूनच ती लोकांच्या आठवणीत राहिली आहे.

बोहाड्यातील राक्षस : शेजारच्या जव्हार व मोखाडा तालुक्यांत होळीनंतर बोहाडा होतो. संबळ व सनईच्या तालावर मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचतात. गणपती, शारदा, नरसिंह यांच्यासोबत रावण व त्राटिका येतात आणि शेवटी जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध होते. येथे राक्षस पुराणांतले असल्याने त्यांचा वध ठरलेला असतो. पण सोंग घेण्याचा मान घराण्यांकडे परंपरेने चालतो आणि राक्षसाचे सोंगही देवाच्या सोंगाइतक्याच श्रद्धेने घेतले जाते. मुखवट्याची पूजा होते, तो राक्षसाचा असला तरी. पुराणांनी शत्रू ठरवलेल्यालाही मान देणारी, या भागातल्या वारली व कोकणा आदिवासी समाजांची दृष्टी त्यातून दिसते.

जपानी ॲनिमेशी तुलना : देव सर्वशक्तिमान असला की कथेत पेच उरत नाही, ही अडचण आजच्या लोकप्रिय कथनांतही येते. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या मालिकेत झेनो हा सर्वांहून वरचा देव एका क्षणात विश्वे पुसून टाकू शकतो. त्याच मालिकेतला झामासू स्वतः देवपदाकडे चाललेला असतो. मर्त्य माणसे चुका करत राहतात, म्हणून त्यांना नष्ट करून जग शुद्ध करावे असे त्याला वाटते. न्यायाच्या नावाने तो खलनायक होतो. शेवटी झेनो येऊन त्याला संपवतो, पण त्याबरोबर ते संपूर्ण जगही पुसले जाते. अमर्याद शक्तीने प्रश्न सुटत नाही, तो जगासकट मिटवला जातो.

जपानच्या शिंतो परंपरेत देव अगणित असून अनेकांचे सामर्थ्य ठरावीक जागेपुरते असते. त्या मुळांशी जवळ राहिलेल्या कृती वारली कथांच्या शेजारी बसतात. हायाओ मियाझाकी यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) या चित्रपटात रानडुकरांचा देव शरीरात रुतलेल्या लोखंडी गोळीच्या वेदनेने कोपदैवत बनतो. गोळी झाडणारी एबोशीही निव्वळ दुष्ट नाही, कारण कुष्ठरोग्यांना आणि विकल्या गेलेल्या बायकांना तिने काम व आसरा दिलेला असतो. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मध्ये दुर्गंधी पसरवणारा पाहुणा प्रत्यक्षात कचऱ्याने गुदमरलेला नदीदेव निघतो. त्याच्या अंगातून सायकल ओढून काढल्यावर तो मोकळा होतो. ‘नोरागामी’ (२०१४) या मालिकेत स्वतःचे देऊळ नसलेला यातो पाच येनवर लोकांची कामे करत फिरतो. तेथे विसरला गेलेला देव नाहीसा होतो.

कोपलेल्याला मान देऊन शांत करण्याच्या कल्पनेला जपानी इतिहासातही आधार आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री ९०१ मध्ये हद्दपार झाला आणि ९०३ मध्ये मरण पावला. पुढे राजधानीत साथी आल्या, राजवाड्यावर वीज पडली. हा त्याचा कोप मानून ९४७ मध्ये क्योतो येथे किटानोचे देऊळ उभे राहिले आणि अन्याय झालेला माणूस विद्येचा देव झाला. वाघदेव आणि मिचिझाने यांच्या कथांचा परस्परांशी संबंध नाही, पण दोन्हीकडे कोपलेल्याला जागा आणि मान देऊनच शांतता येते.

देवांच्या कक्षेबाहेरचे खल : वारली देवांच्या सामर्थ्याच्या मर्यादेची कसोटी इतिहासात लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबे, आणि अनेकदा त्याची बायकोही. ज्या लग्नावर पालघटाचा आशीर्वाद असे, त्याच लग्नातून वेठ सुरू होई. सावकाराचा हेतू दाणे पाहून ओळखावा इतका गूढ नव्हता. त्याला जमीन, गवत, लाकूड आणि फुकटचे श्रम हवे होते, आणि कोणताही मान देऊन ही भूक शमणारी नव्हती. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. वेठ व लग्नगडीची पद्धत या लढ्याने मोडली. जेथे शत्रूशी करार शक्य नव्हता तेथे लोकांनी देवाची वाट पाहिली नाही, आणि त्यासाठी त्यांना देव सोडावेही लागले नाहीत.

सद्यःस्थिती : लग्नचौकाची चित्रकला १९७० च्या दशकात कागद व कापडावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतून कणसरी, वाघ आणि तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच जगभर पोचला. जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयातही वारली चित्रे जतन केलेली आहेत. मात्र चित्रांबरोबर कथा तितक्या प्रमाणात गेल्या नाहीत. त्या अजून भगताच्या व धवलेरीच्या तोंडीच आहेत आणि शाळेत जाणारी मुले त्या क्वचित ऐकतात.

वाघदेव मात्र पूजेत टिकून आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालघर, ठाणे व मुंबई उपनगर या जिल्ह्यांत वाघदेवाची सुमारे १५० ठाणी नोंदली गेली. पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला असला तरी बिबट्या आहे आणि वारली त्यालाही वाघच म्हणतात. वाघबारशीचा मान आता त्याच्यासाठी दिला जातो. अभ्यासकांच्या मते माणूस आणि बिबट्या एकाच मुलखात राहण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत शिवेवरच्या या जुन्या कराराचाही वाटा आहे.