शिक्कामोर्तब

मराठी माणसाचा विश्वास कागदावर नसतो, शिक्क्यावर असतो. शिवकाळात पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटे. खाली कुणी दोन ओळी घुसडायला नकोत!

१९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला क्यूआर कोड काढला. गो या खेळाचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा पट बघून म्हणे त्यांना तो सुचला. त्याचा तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला, तरी तो वाचता येतो.

तो चौकोन आता डिजिटल सातबाऱ्यावर येऊन बसलाय. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातली मोडी वाचायला जाणकार लागतो, हा वाचायला मोबाइल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच! पण आठ गुंठ्यांचे कुणी ऐंशी केले, तर तो उतारा मूळ नोंदीशी ताडून बघता येतो. कर्जाच्या टेबलावर ही काही थोडी गोष्ट नव्हे.

तरीही शेतकरी विचारतोच, "सायेब, समदं खरं, पन शिक्का कुटं हाय?"

मग कुणीतरी गोल शिक्का मारून देतो, तोही नेमका चौकोनावर. ती तीस टक्क्यांची सवलत हारासाहेबांनी बहुधा आमच्यासाठीच ठेवली असावी.